स्कूटरमागची भिंत

"अप्पा, काल टीव्हीवर माफी मागितलीत ना, ते रडणं खरं होतं की अ‍ॅक्टिंग?"

कंपाउंडची भिंत खरवडणारं डोशाचं उलथणं थांबलं. कीर्तीने मैत्रिणींशी पैजच मारली होती, आज विचारते म्हणजे विचारते. वर्षापूर्वी ती वर्गात हजेरी द्यायलाही लाजायची. आता शाळेच्या नाटकात राणी होती, आणि कुणालाही काहीही विचारायची तिची तयारी होती.

अप्पा म्हणजे सुंदरराव, मैलापूरच्या बँकेत कारकून आणि संध्याकाळी 'सभा' म्हणतात त्या तिथल्या कलामंडळांच्या तमिळ नाटकांतले नट. यंदा पहिल्यांदा टीव्ही मालिका मिळाली, तीही नुकत्याच वारलेल्या एका बड्या पुढाऱ्यांवरची. अप्पा झाले तलैवर, म्हणजे ते पुढारी! लोक रस्त्यात पाया पडायचे. मग तो भाग आला, ज्यात तलैवर मच्छीमारांवर गोळी चालवायचा हुकूम देतात. दुसऱ्या सकाळी तलैवरांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भिंतीवर पोस्टर चिकटवलं. चेन्नईत कुणी वारलं की गल्लीत लागतं, तसलंच. अश्रूंची श्रद्धांजली, फुलांची चौकट, मधोमध हसणारे अप्पा.

"फोटो तरी चांगला निवडलाय," कीर्ती तेव्हा म्हणाली होती. अम्मा हसली नव्हती.

माफी टीव्हीवर दिसेपर्यंत पोस्टर काढायचं नाही, अशी ताकीद होती. अप्पांनी स्कूटर भिंतीला चिकटून लावली, वर ताडपत्री टाकली आणि बसने बँकेत जाऊ लागले. खालचा अर्धा भाग झाकला गेला. चेहरा मात्र सगळ्या गल्लीला दिसत राहिला. अप्पांचं हे उलटंच काहीतरी, असं कीर्तीला वाटलं होतं.

आज स्कूटर बाजूला होती.

"सांगा ना! कुमुदिनी म्हणते, खरंच घाबरले. मी म्हटलं, हट्! माझे अप्पा नट आहेत, मस्त फसवलंय सगळ्यांना. बरोबर ना?"

"शाळेला उशीर होतोय, कण्णा," अप्पा लाडाने म्हणाले.

"सरका, मी मदत करते."

"नको म्हटलं ना!"

अप्पांनी भिंतीवर तळवा दाबून धरला. लहानपणी त्यांची मूठ उघडायची, तसा कीर्तीने हसत हसत तो ओढून काढला.

मैद्याच्या खळीने एक पट्टी अजून घट्ट धरून ठेवली होती. अशा पोस्टरच्या तळाशी शोक करणाऱ्या घरच्यांची नावं असतात. इथे एकच होतं. मुलगी एस. कीर्ती, अकरावी ब. त्याखाली तिची शाळा, शाळा सुटायची वेळ, आणि ती घरी येते त्या बसचा नंबर.

"हे... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," दारातून अम्मा म्हणाली.

अप्पा पुन्हा खरवडू लागले. "माफीच्या रेकॉर्डिंगला किती टेक घेतले त्यांनी," ते भिंतीलाच सांगत होते. "प्रत्येक वेळी म्हणायचे, खरं वाटत नाही."

कीर्तीने बादलीतलं पाणी पट्टीवर ओतलं. नाव भिजलं, पण निघालं नाही. मग तिने दप्तर खांद्याला लावलं आणि दोघांसमोर ताठ उभी राहिली, तालमीत राहायची तशी.

"अम्मा, अप्पा, मी ठरवलंय. आज वर्गात सांगते, ते रडणं खरं होतं. माझ्या अप्पांना मनापासून पश्चात्ताप झालाय." तिने घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा, जरा हळू म्हटलं. "आता खरं वाटतंय का, अप्पा?"