गाबोळीची होडी

होडी समुद्रात असेपर्यंत तांडेलाच्या बायकोने रडायचं नाही, ही आमच्या घराची रीत. किनाऱ्यावरच्या आमच्या गालेसोंग गावात घरागणिक रीती वेगळ्या. कुणाकडे भांडायचं नाही, कुणाकडे उघड्या भांड्यात भात शिजवायचा नाही. आमच्याकडे अश्रू नकोत. घरात खारं पाणी सांडलं की तोरानी मासा पाठ फिरवतो आणि समुद्र कोपतो, असं आजी सांगायची. मी हा भोग भोगलाय. माझा नवरा बुडाला तेव्हा, मी रडले म्हणून तो बुडाला, असं गावाने ठरवून टाकलं. बातमी यायच्या आधी मी रडलेच नव्हते, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

म्हणून दर वर्षी मे महिन्यात माझा धाकटा भाऊ लेवा तांडेल होऊन गाबोळीला निघाला, की त्याच्या बायकोवर, बुलाएंगवर, मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

तोरानी म्हणजे पंखांचा मासा. पाण्यावरून झेप घेत लांबवर उडतो. पण अंडी घालायला त्याला काहीतरी धरायला लागतं, आणि भर समुद्रात एखादं वाहत आलेलं पान नाहीतर काटकी, यापलीकडे काय मिळणार? आमची माणसं तिथेच त्याला गाठतात. नारळाच्या झावळ्यांच्या जुड्या पाण्यावर सोडून वाट बघायची. माद्या येतात, चिकट धाग्यांनी अंडी झावळीला गुंडाळतात, नर मागोमाग असतातच. मग जुड्या वर ओढून गाबोळी ओरबाडायची आणि उन्हात वाळवायची. ती जाते जपानला. आम्ही खातो वाळवलेला मासा, मिरचीच्या ठेच्याशी. बिचारा जगतो जेमतेम वर्ष-दीड वर्ष, त्यात त्याची अंडी आम्ही उचलतो, आणि मासा दर वर्षी कमी का होतो असं वर आम्हीच विचारतो.

माशाने यावं म्हणून तांडेल गातो. ती गाणी चारचौघांत म्हणण्यासारखी नसतात. ‘ये गं, अंथरूण घातलंय, किती लाजशील’ ही त्यातल्या त्यात सभ्य ओळ. लेवासारखा गाणारा अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. गाणाऱ्याचं मन हसरं हवं, माशाला ते बरोबर कळतं, असं तो म्हणायचा. आणि त्याचं मन हसरं राहायचं तर घर हसरं हवं.

या वर्षी होडी गेल्याच्या एकविसाव्या दिवशी रन्नूला ताप भरला. लेवाची एकुलती एक, चार वर्षांची. निघताना तिने बापाकडे पंखांचा मासा मागितला होता. डासांचा ताप आहे, असं डॉक्टर म्हणाला. पाचव्या दिवशी पोर गेली. दुपारच्या नमाजानंतर तिला पुरलं. होडी फोनच्या टापूपलीकडे होती, कळवणार कसं?

मयताला आलेल्या बायका बुलाएंगच्या डोळ्यांकडेच बघत होत्या. त्यांत चौघी खलाशांच्या होत्या. त्यांच्या घरच्या वर्षभराच्या भाताचा प्रश्न होता, मी त्यांना नावं ठेवत नाही. तरी एकीने माझ्या कानाशी येऊन विचारलंच, "अक्का, सांभाळेल ना ती?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

बुलाएंगने तीन दिवस सांभाळलं. भिंतीकडे बघत नुसती बसून होती. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "अक्का, आता माझ्याच्याने होत नाही. छाती फुटेल माझी."

मी भाताचं पोतं तिच्या डोक्यावर दिलं आणि तिला गिरणीत नेलं. "तू जा, चहा पिऊन ये, आम्ही बघतो," असं सांगून गिरणीवाल्याला पिटाळलं. यंत्र सुरू झालं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मी दाराशी उभी राहिले. आत बुलाएंग कोंड्याच्या ढिगाशी बसून पोतं संपेपर्यंत रडली. बाहेर आली तेव्हा तोंडभर कोंडा आणि त्यावर ओघळ. मी माझ्या ओढणीने तिचं तोंड पुसलं. मग दर दोन दिवसांनी आम्ही गिरणीत जाऊ लागलो. दोन बायका एवढा भात खातात तरी कधी, असं गिरणीवाल्याला वाटलं असेल.

"होडी रिकामी येईल, अक्का," एकदा परतताना ती म्हणाली. मग म्हणाली, "येऊ दे. माझी पोर गेली हे समुद्राला तरी कळेल."

होडी आली ती काठोकाठ भरून. दहा वर्षांत एवढी गाबोळी कुणी पाहिली नव्हती. लेवा तेच चावट गाणं म्हणत पाण्यात उतरला. त्याच्या हातात एका काडीवर पंख पसरून वाळवलेला तोरानी होता.

"घर कसं आहे, अक्का?" त्याने विचारलं.

‘भरलेलं आहे’ असं म्हणायची रीत. मला म्हणवेना. "रन्नू गेली रे. महिना झाला," मी म्हणाले.

तो गुडघाभर पाण्यात तसाच खाली बसला. मग त्याने मला विचारलं, "बुलाएंग रडली?"

वाळूवर चार खलाशी उभे होते, त्यांच्या बायका उभ्या होत्या. मला वाटलं, रीत मोडली का ते हा विचारतोय. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"छे रे. एक टिपूसही नाही. रडली असती तर होडी अशी आली असती का?"

खलाशांच्या बायकांनी माना डोलावल्या. लेवाने गाबोळीच्या टोपल्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"एक टिपूसही नाही?" त्याने तिला विचारलं. "आपल्या रन्नूसाठी?"

तेव्हा कुठे मला कळलं, त्याने काय विचारलं होतं. बुलाएंग माझ्याकडे बघत राहिली. मी फक्त तोंड उघडायचं होतं. पण पुढच्या वर्षी कुणी बुडालं तर दोष तिच्याच गळ्यात बांधतील, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे भीती मला माझ्यासाठीच होती. गिरणीच्या दाराशी मीच उभी होते ना.

संध्याकाळी लेवा एकटा सापडला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. गिरणी, कोंडा, ओढणी, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काडीवरचा मासा अजून त्याच्या हातातच होता.

"तिची बाजू घेऊ नकोस, अक्का," तो म्हणाला आणि त्याने टोपल्यांकडे बोट दाखवलं. "तूच म्हणालीस ना. रडली असती तर ही गाबोळी आली असती का?"