जेवणाचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, हाताने फिरवायचा. कॉलेजच्या फाटकाशी, वॉचमनकाकांच्या खोलीबाहेर मला भिंतीला ठोकलं आहे. तोंड एवढं मोठं, पण आज ते कुठे लपवू असं झालंय.

कारखान्यात मला लाल रंग देणारा कारागीर म्हणाला होता, "हा ओरडला की माणसं वाचायची!" इथं आलो तेव्हा प्राचार्यबाईंनी सगळ्यांना माझ्यासमोर उभं करून बजावलं, "वादळ आलं की हा वाजेल. वाजला की तळमजल्यावरच्या ग्रंथालयात जायचं. खिडक्यांपासून लांब बसायचं." टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली.

पण वादळ काही येईना. मग एकदा जेवणाच्या सुट्टीची घंटा बिघडली. "अहो, तो भोंगा नुसता गंजतोय की!" कोणीतरी म्हणालं. काकांनी माझं हँडल फिरवलं आणि मुलं मैदान ओलांडून कँटीनकडे धावत सुटली. घंटा दुरुस्त करायची राहूनच गेली. मी रोज दुपारी वाजू लागलो.

"भोंगा कसला, हा तर आमचा आचारी!" मुलं म्हणायची. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. आपल्या आवाजानं पोरांच्या पोटात कावळे ओरडतात, याचं केवढं अप्रूप!

एके दिवशी सकाळीच आभाळ काळंठिक्कर पडलं. वारा झाडं पिळायला लागला. काकांनी जीव खाऊन मला फिरवलं. मीही घसा फोडून ओरडलो. आणि वर्गावर्गांतून मुलं हसत बाहेर पडली.

"आज लवकर सुट्टी! चला, रांगेत पुढे!"

सगळ्यांच्या पुढे, याच कॉलेजात शिकणारी काकांची लेक होती.

"आत जा! अगं, आत!" काका ओरडले. त्यांचा आवाज माझ्याच आवाजात बुडाला. हँडल सोडून ते धावले. पण मित्रांनो, मी असा झटकन थांबत नाही. माझं चाक आपल्या वेगात फिरत राहिलं, पोरांना बाहेर बोलावत राहिलं. तेवढ्यात सायकलींवरच्या छपराचा पत्रा उडाला.

काकांनी बाकीच्यांना ढकलत ग्रंथालयात नेलं. लेकीला उचलूनच न्यावं लागलं. त्या पत्र्यानं तिचं कोपर हाडापर्यंत चिरलं होतं.

"मीच बोलावलं गं तुला," काका म्हणाले, असं मागाहून मुलांच्या बोलण्यातून कळलं.

"आणि कशासाठी पळाले, बाबा? तिथलं जेवण तरी कुठं धड असतं!" ती म्हणाली. काका हसले नाहीत.

आता जेवणाला नवी घंटा आहे. मी फक्त वादळासाठी, आणि अधूनमधून सरावासाठी. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा भोंगा असेल, तर रोज वाजत नाही म्हणून त्याला फुकट समजू नका. त्याला भलत्या कामाला जुंपू नका. तो वाजला की कुठं जायचं, ते पायांना शिकवून ठेवा.

कारण सरावाला मी वाजतो, तेव्हा काकांची लेक अजूनही इमारतीच्या दाराशी क्षणभर थबकते. एक पाऊल बाहेर पडतं. मग न वाकणारा हात छातीशी धरून ती आत वळते.

ते बाहेर पडलेलं पाऊल माझ्यामुळेच पडतं.