ब्लोअर बंद आहे, सभा चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना, चिकट, तपकिरी थर आहे. नाक मुरडू नका, आधी ऐका. माझ्याकडे वेळ कमी आहे.

चारकोपच्या तुमच्याच सोसायटीत, तळाच्या पार्किंगला लागून सांडपाण्याची टाकी आहे. तिच्यात प्लास्टिकची बारकी चाकं फिरत असतात. त्यातल्या एका चाकाला मी नऊ वर्षं चिकटून आहे. तसं लाखो जिवाणूंचं खटलं आहे आमचं, पण बोलताना आपलं 'मी'च म्हणतो.

तुम्ही संडासात जाता, पाणी सोडता, विसरता. ते सगळं माझ्याकडे येतं. त्यात अमोनिया असतो, डोळ्यांना झोंबणारा. तो मी खातो. मग तेच पाणी गाळून तुमच्या फ्लशला आणि बागेला जातं. एकदा सेक्रेटरी नंदकुमारांनी ते काचेच्या ग्लासात धरून पाहुण्यांना दाखवलं होतं, "बघा, एकदम झकास!" पिऊन मात्र दाखवलं नाही.

उष्टं-खरकटं खाणारे माझे शेजारी तासाभरात दुप्पट होतात. मला दीड-दोन दिवस लागतात. जन्माचा सुस्त मी! टाकी सांभाळणाऱ्या दत्तारामने मला दुसऱ्या सोसायटीतून डब्यात आणून इथे ओतलं, विरजण घालतात तसं. बस्तान बसायला दोन महिने गेले. तो देवगडचा. रोज वाकून म्हणायचा, "खावा रे, लाजू नकात."

मला लागते एकच गोष्ट. हवा. ब्लोअर नावाचं मशीन ती टाकीत सोडतं. घरघर करतं, मान्य.

आज रविवार. हॉल लग्नाला दिलाय, म्हणून सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये, माझ्या दाराशीच भरली. दहा वाजता नंदकुमार ओरडले, "दत्ताराम, बंद कर रे ती घरघर! पाच मिनिटं फक्त. कोणाला काही ऐकू येत नाहीये."

आता दोन वाजलेत.

पार्किंगवरून भांडण झालं. समोसे झाले. पुन्हा पार्किंगवरून भांडण झालं. इकडे टाकीतली हवा संपली. चाकं फिरायची थांबली. मी नुसता पडून आहे. समोर अमोनिया साचतोय आणि मला एक घास उतरत नाही.

मग पहिल्या मजल्यावरच्या उत्तराबाई उठल्या. बाई वाईट नाहीत, पण मशीन नेमकं त्यांच्या खाली. "माझ्या ऑनलाईन शिकवण्या असतात हो! मुलं विचारतात, टीचर, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?"

सगळे हसले. नंदकुमार म्हणाले, "मग सकाळ-संध्याकाळ तासभर चालवू. बाकी बंद. विषय संपला."

तेवढ्यात टाकीचा वास बाहेर गेला.

"ई! कसला घाणेरडा वास!"

"ह्या मशीनचाच! म्हणून तर म्हणतेय, बंदच ठेवा," उत्तराबाई म्हणाल्या.

दत्ताराम भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे आला. "मशीन बंद आसा म्हणान वास येता, बाई. आतले जीव गुदमरतत."

"जीव? मासे पाळलेस काय रे आत?"

"माशांपेक्षा गुणाचे. नऊ वर्सां तुमचा सगळा निस्तरतत. आताच्या आता चालू करूक व्हया, सायेब."

"तू मेंबर आहेस का? नाही ना? मग गप उभा राहा," नंदकुमार म्हणाले.

त्याला मत नाही. मला तर तोंडच नाही.

मित्रांनो, हा ठराव झाला तर काय होईल, सांगतो. दोन तासांच्या हवेवर माझं भागणार नाही. मी थोडा थोडा मरेन. तुमच्या प्रत्येक संडासात वास येईल. वासावर तुम्ही फिनाईल ओताल, ते वाहत खाली येईल आणि उरलासुरला मीही जाईन. मग पस्तावून मशीन दिवसभर चालवाल, पण तेव्हा हवा खायला इथे कुणी नसेल.

कान देऊन ऐका. नंदकुमार म्हणतायत, "ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा."

खुर्च्या करकरल्या. हात वर जातायत. त्यात तुमच्याही आईचा, बाबांचा हात असेल. त्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यांना वाटतं मशीनच घाण करतं. तुम्हाला आता कळलंय. लिफ्टची वाट बघू नका, चपला शोधू नका. जिन्याने धावत खाली या, आणि तो हात धरून खाली ओढा.