साधनाची झील

माझ्या दुकानात आलेलं माणूस आधी ओरडा खाते, मग त्याचं काम होते. चामोर्शीत हे सगळ्यांले मालूम आहे. बाजाराच्या दिवशी तर मी कोणाचीच नाई. रिचार्जवाले, झेरॉक्सवाले, मेमरी कार्डात गाणे भरणारे, अन् त्यात इंदुताई येऊन उभी. पदराच्या गाठीतून तिनं एक सीडी काढली.

"कनीजबाई, यातलं माझ्या साधनाचं झीलचं गाणं मोबाईलात भरून दे व."

साधना तिची पोरगी. नाटकमंडळीत गाये. तिथूनच नागपूरच्या कोण्या कंपनीनं तिले सीडीत गायले नेलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात, धानाच्या रोवण्यात, मलेरिया तिच्या डोक्यात गेला, अन् दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं. त्याले आता गंज वर्षं झाली. सीडीच्या कव्हरवर फोटो दुसऱ्याच बाईचा. खाली लाल अक्षरात लिवलं होतं, 'नक्कल करणे गुन्हा आहे'. साधनाचं नाव कुठीच नाई.

"कंपनीनं कुलूप लावून ठेवलं याले," मी म्हटलं. "वाजन, पण बाहेर निघणार नाई."

"सगळे असंच म्हणतात बाई. पण घरचा प्लेअर कवाचाच मेला, अन् आता हिची चांदीही उडून राह्यली. हे गेली का माझ्या पोरीचा आवाज गेला. फोटोही नाई व तिचा माझ्याजवळ."

मी सीडी उजेडात धरली. खरंच, चांदीले बारीक बारीक छेद पडले होते. त्यातून पलीकडचा बाजार दिसे.

दुकानात एक जुना कॉम्प्युटर आहे, बाबूभाईच्या वेळचा. बाबूभाई म्हणजे माझा घरवाला. कॅसेटी भरता भरता त्याची जिंदगी गेली, आता तोही नाई. अशी सीडी टाकली का कंपनीचा चौकीदार आपोआप जागा होते अन् गाणे काढू देत नाई. त्याले जागंच होऊ द्यायचं नाई. शिफ्टचं बटन दाबून धरायचं अन् मग सीडी आत ढकलायची. बस, इतकंच! एवढ्या मोठ्या कंपनीचं कुलूप एका बोटानं उघडते. बाबूभाईनं मले शिकवलं तवा आम्ही दोघंही किती हसलो होतो.

मी बटन दाबलं, सीडी ढकलली. मशीन घरघर करे, पण गाणे दिसले. सगळे काढत बसली असती तर सीडीनं मधातच जीव सोडला असता. म्हणून कव्हर वाचलं. चौथं गाणं होतं, 'तलावाच्या पाळीवर'. झील म्हणजे तलाव, आमच्या घरच्या हिंदीत तर असंच बोलतात. तेवढंच काढलं, सीडी बाहेर घेतली, अन् गाणं लावलं.

इंदुताईनं पुरं ऐकलं. मग म्हणे, "हे माझी पोरगी नोहे. हे फोटोवाली होय."

माझं डोस्कं सरकलं. "झील झील तूच करत होती ना? तलावाचं एकच गाणं आहे याच्यात!"

"तलाव कुठून आला व बाई? पुढची बाई गाते, अन् मागच्या पोरी झील धरतात ना, ते! माय हाक मारते अन् लेक जबाब देते, ते गाणं."

या अल्ला! मी कपाळावर हात मारला. तिची पोरगी पुढं गायलीच नव्हती. मागच्या दोघीतिघींत उभी राहून नुसती झील धरली होती तिनं. अन् माय इतके वर्षं तेवढंच जपून होती. मले भरून आलं, अन् भरून आलं का मी अजून ओरडते. "सरका मागं! कोणाचं रिचार्ज होणार नाई आता!"

पुन्हा शिफ्ट दाबलं. मशीन नुसतं खरडे. हरामखोर, वाच ना, वाच! शेवटी वाचलं. मायलेकीचं गाणं सगळ्यात शेवटचं होतं. ते उतरलं अन् त्याच्यानंतर त्या सीडीनं काईच दाखवलं नाई, किती खटपट केली तरी.

गाणं तिच्या बटनाच्या मोबाईलात टाकलं, इअरफोनची एक गुंडी तिच्या कानात अन् एक माझ्या. पुढं गाणारी, ते फोटोवाली नागपूरवाली, अशी खणखणीत गाये, का मागच्या पोरी पार दबून गेल्या. इंदुताई कान दाबून दाबून ऐके. "आहे व, मागं आहे माझी पोरगी," म्हणे, अन् डोळ्यांले धार.

गिऱ्हाईक नेहमी तक्रार आणतात, 'बाई, गाणारा गायब झाला, नुसता बाजा वाजते.' मी ओरडते, पिन पुरी घाल रे बह्याडा! पिन अर्धी राह्यली का मधातला मोठा आवाज कटते, कडेचे तेवढे राह्यतात. आज ते आठवलं. मी इअरफोनची पिन पकडली अन् मोबाईलातून जराशी बाहेर ओढली.

नागपूरवाली गेली. विहिरीच्या तळातून बोलल्यावाणी झाली. ढोलकी राहिली, अन् मागच्या पोरी राहिल्या.

"आली माय, आली..."

"थे शेवटची," इंदुताईनं माझा हात धरला. "सगळ्या थांबल्यावर जे थांबते, थे माझी साधना."

नागपूरवालीच्या हाकेच्या जागी आता काईच नव्हतं. मग त्या रिकाम्या जागी इंदुताईनंच हाक मारली. कानात गुंडी असली का माणूस मोठ्यानं बोलते, तशी. "कुठी आहेस व साधना?" बाजारातले लोक वळून पाहाले लागले.

"आली माय, आली."

"सांज झाली व बाई. दिवा लावला मी."

"आली माय, आली."

गाणं संपलं. तिनं गुंडी काढली, डोळे पुसले. माझे वाहातच होते.

"जिती होती तवाही असंच करे," ती म्हणाली. "हाक मारली का आली आली म्हणे, अन् लवकर येतच नसे."

मग ती पिन दोन बोटांत तशीच अर्धी धरून, कोणाचा धक्का लागू न देता, बाजारातून निघून गेली.