तांदळातलं नाव

लंडनमध्ये हाउन्सलोच्या शाळेत मी इतिहास शिकवते. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या, उपाशी राहिलेल्या बायकांबद्दल दर वर्षी तावातावानं बोलते. आणि इकडे ईलिंगला, आमच्याच घरात, सासूबाईंचं मत वर्षानुवर्षं सासरे देत होते. मतपत्रिका पोस्टानं यायच्या. दोन्हींवर फुल्या ते मारायचे, आई फक्त सही करायच्या. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी चकार शब्द काढला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सासरे गेले. वर्षभरात आईंना कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली. कौन्सिलची निवडणूक मे महिन्यात होती.

"वरदा, या खेपेला पोस्टाचं नको," आई म्हणाल्या. "एकदा तरी माझी फुली मी मारीन म्हणते. तिथं जाऊन."

मला भरून आलं. "फोटो आयडी लागतो हं आता, पासपोर्ट घ्या," एवढंच मी सांगितलं. तो उघडून पाहायचं काही सुचलं नाही.

चर्चच्या हॉलपर्यंत चालताना त्या तीनदा थांबल्या. टेबलापाशी त्यांनी नाव सांगितलं, अलका प्रधान. तिथल्या बाईनं यादीत ते शोधलं, मग पासपोर्ट उघडला. त्यावर यमुना प्रधान होतं.

सोळा वर्षं मी या घरात आहे आणि मला हे नाव माहीत नव्हतं! नंतर कळलं, त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अलका' लिहिलं. पुढे कौन्सिलच्या फॉर्मवरही त्यांनी तेच भरलं. पासपोर्टवर मात्र आडनाव तेवढं बदललं, नाव जन्माच्या दाखल्यावरचंच राहिलं होतं.

"शी इज द सेम पर्सन!" मी ओरडलेच. बाई बिचारी वरमली. नाव बदलल्याचा एखादा कागद आहे का, असं तिनं विचारलं.

"कागद कुठला गं," आई मला म्हणाल्या. "तांदूळ होते."

बाहेर बाकावर बसून त्या रडल्या. आजारपणातही मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "तेव्हा मी विचारलं होतं, माझं नाव का बदलताय म्हणून," त्या म्हणाल्या. "सगळे हसले."

"आपण कागद करून घेऊ, आई. पुढच्या वेळी..."

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जुलैत त्या गेल्या. मृत्यूची नोंद पासपोर्टवरून झाली, यमुना प्रधान.

ऑक्टोबरात आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली आणि दारात कौन्सिलचं कार्ड पडलं. अलका प्रधान यांनी मतदानाला यावं. यमुना गेल्याचं त्यांना कळलंय. अलका त्यांच्या यादीत अजून जिवंत आहे, आणि तिला मत आहे.