हत्तीवरचा चेहरा

आखातातल्या रास अल खोरच्या छपाईच्या गोदामात अण्णासाहेब शिरले तेच तणतणत. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि स्टेजमागच्या पडद्यावर त्यांचा चेहरा अजून चढला नव्हता. जुन्या चित्रातली राजाची स्वारी त्यांनी मोबाइलवर पसंत केलेली. हत्तीवरचा राजा उडवायचा, तिथे अण्णासाहेब बसवायचे, एवढीच ऑर्डर. अल रीम आयलंडवरच्या उंची टॉवरात राहणारे व्याही त्यांना पाठीमागे ‘कँटीनवाला’ म्हणत. मजुरांना जेवण पुरवून हा माणूस मोठा झाला आणि त्याला लाज वाटायची ती नेमकी त्या धंद्याचीच. व्याह्यांनी एकदा मान वर करून आपल्याकडे बघावं, बस.

डिझायनर अस्मिताने सांगितलं, राजाचा चेहरा एका बाजूने काढलाय, तुमचे फोटो सगळे समोरून. एक फोटो बाजूने काढू. ते चित्र छापलेलं नमुन्याचं कापड भिंतभर टांगलं होतं. ते दिसलं आणि अण्णासाहेब तणतण विसरून पुढे झाले.

मोबाइलवर नुसता हत्ती दिसला होता. इथे माणसंच माणसं. गाल फुगवून शिंगं फुंकणारे, खांदा बदलणारे भोई, शेजारच्या घोड्याला चावणारा घोडा, सज्ज्यातून पोराला उचलून धरणारी बाई. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. चित्रकाराने पैसे राजाचे घेतले आणि डोळे फोडले ते या लोकांसाठी!

अस्मिताने त्यांना वळवून उभं केलं. “काका, मान हलवू नका. राजासारखं सरळ पुढे बघा.”

पुढे गोदामाचं बंद शटर. अण्णासाहेबांची नजर पुन्हा पुन्हा कापडाकडे घसरत होती.

“पोरी, हा राजा बघतोय कुठे?”

“पुढच्या हत्तीच्या शेपटीकडे.”

“म्हणजे हे एवढं सगळं त्याला दिसतच नाही?”

“नाही दिसत.”

अण्णासाहेब शटरकडे पाठ करून वळले. “खलास. माझा फेस नको लावू. त्यालाच बसू दे तिथे.”

अस्मिताने भीतभीत विचारलं, व्याह्यांना दाखवायचं होतं ना?

“बघतील की. मीही शेजारी उभा राहून बघेन.”

चष्मा पुसून ते कापडाच्या पार शेवटच्या टोकाला गेले. तिथे एक आचारी डोक्यावर जेवणाची भलीमोठी देग घेऊन धावत होता. अण्णासाहेब वाकले, नाक कापडाला लागेपर्यंत.

“अस्मिता, इकडे ये,” ते हळूच म्हणाले. “एवढं ओझं डोक्यावर, तरी हा वर बघतोय. त्या सज्ज्यातल्या पोराकडे.”