नेमसिंगभाऊंच्या डाव्या हाताखाली

मित्रांनो, राळेगावात बॅनरच्या एका दुकानात टेबलावर असलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. जन्म कारखान्यातला, पण अक्षरांची गोडी लावली ती मालकांनी, नेमसिंगभाऊंनी. वाढदिवस, बारसं, स्वागत, श्रद्धांजली. गावात कुणाकडे काय आहे ते आधी मला कळायचं. चोंबडेपणा अंगातच मुरलाय म्हणा ना!

पुढे सगळा मान माउसकडे गेला. प्रोग्राम उघडायचा तर माउस, बंद करायचा तर माउस. माझ्यावर चहाचे ग्लास ठेवू लागले. फार वाईट वाटायचं.

पण त्या माउसपायीच भाऊंचं उजवं मनगट आखडलं. "माउसला हात लावू नका," डॉक्टरांनी बजावलं. दुकान मारेगावच्या एकाला देऊन टाकायचं ठरलं.

तेवढ्यात यवतमाळला शिकणारी त्यांची मुलगी राखी सुट्टीत आली. "बा, माउस कायले पाह्यजे? दोन बटनं दाब, नाव टाइप कर, प्रोग्राम उघडते." या सोयीला लाँचर म्हणतात. माझे तर कानच टवकारले. कीबोर्डला कान कुठले, ते विचारू नका!

राखीने टाकलेला पहिला लाँचर देखणा होता, पण त्याच्या नखऱ्यांनी आमचा म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकू लागला. दुसरा चपळ, पण त्याला प्रोग्रामचं इंग्रजी नावच हवं. भाऊंनी टाइप केलं, 'निळा'. काहीच उघडेना.

राखी हसली. "बा, निळा काही नाव नाही हाय त्याचं!"

"आमी तं इतकी वर्सं निळाच म्हणून राह्यलो," भाऊ ओशाळले. फोटोच्या प्रोग्रामचं चित्र निळं, म्हणून दुकानात तो निळा. अक्षरांचा तो पिवळा.

भाऊंनी हात मागे घेतला.

"आपल्या मनाचं नाव देता येत नाही काय, पोरी?" सोनीबाईंनी, राखीच्या आईने, विचारलं.

राखीने पुन्हा शोधाशोध केली. तिसरा लाँचर दिसायला अगदीच साधा, पण आपण ठेवू ते नाव ऐकणारा. भाऊंनी डाव्या हाताने लिहिलं, 'निळा'. उघडला!

मारेगावचा माणूस आला तेव्हा भाऊ माझ्या बाणांच्या बटणांनी बॅनरवरचं बाळ सरकवत होते. "चहा घ्या, भाऊ," सोनीबाई त्या माणसाला म्हणाल्या, "पण दुकान आता द्याचं नाही हाय."

मित्रांनो, कुणासाठी साधन निवडाल तेव्हा आधी त्याच्या तोंडचे शब्द ऐका. हसायची घाई करू नका. मागे घेतलेला हात दरवेळी पुन्हा पुढे येतोच असं नाही.